तणमोराला फ्लॉरिकन कोणी म्हटले?

मैना, बुलबुल, कोएल, शिक्रा ही पक्ष्यांची नावे इंग्रजीत गेली ती आपल्याकडच्या भाषांतून. कोणताही चांगला इंग्रजी शब्दकोश उघडला की त्यांचा माग लागतो. उलट स्पॅरो, क्रो, काइट ही नावे इंग्रजांनी येताना सोबत आणली आणि इथल्या पक्ष्यांना लावली. भारतीय पक्ष्यांची इंग्रजी नावे बहुतेक या दोन वाटांनीच आलेली आहेत. 'फ्लॉरिकन' हे नाव मात्र यांपैकी एकाही वाटेवर भेटत नाही. इंग्लंडमध्ये या नावाचा पक्षी नव्हता. मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ, तेलुगू यांपैकी कोणत्याही भाषेत त्याच्याशी जुळणारा शब्द नाही. कोशकारांनाही त्याची व्युत्पत्ती ठामपणे सांगता आलेली नाही. तरीही गेली दोनशे वर्षे हे नाव दोन भारतीय पक्ष्यांना चिकटून आहे. एक आपला तणमोर, इंग्रजीत लेसर फ्लॉरिकन, आणि दुसरा तराईतल्या व ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या उंच गवतात राहणारा बेंगॉल फ्लॉरिकन. दोघेही माळढोकाच्या कुळातले. मग इंग्रजीत या कुळासाठी 'बस्टर्ड' हा जुना, सर्वांना ठाऊक असलेला शब्द असताना हा दुसरा शब्द कशासाठी लागला? हे नाव छावणीत आणि जेवणाच्या मेजावर घडले, पक्षी ओळखण्यासाठी ते कधी घडवलेच गेले नव्हते, आणि त्याच्या व्युत्पत्तीचा माग न लागण्याचे कारणही तिथेच शोधले पाहिजे, असे उपलब्ध पुराव्यांवरून मला वाटते.

आधी पक्षी पाहू. तणमोर हा भारतातल्या माळढोकांपैकी सर्वांत लहान. लांबी जेमतेम ४५ सेंटिमीटर, म्हणजे लांब मान आणि लांब पाय सोडले तर गावठी कोंबडीच्याही आतबाहेरच. मादी नरापेक्षा थोडी मोठी असते, आणि माळढोकांच्या कुळात ही उलटी रीत आहे. वर्षातले आठ-नऊ महिने नर आणि मादी दोघेही वाळल्या गवताच्या रंगाचे, पिवळसर तपकिरी, काळ्या रेघांचे असतात. दहा पावलांवर बसलेला पक्षीही दिसत नाही. पाऊस पडून गवत गुडघ्याएवढे झाले की नराचे रूप पालटते. डोके, मान आणि पोट काळेभोर होते, पंखावर पांढरा पट्टा उमटतो आणि कानामागून निघालेली, टोकाला चमच्यासारखी पसरट होणारी बारीक पिसे डोक्यामागे वर वळतात. मग तो आपली जागा धरतो आणि तिथूनच उड्या मारू लागतो. जमिनीवरून सरळ वर, माणसाच्या उंचीइतका, पंख फडफडवत, मान मागे टाकून, आणि लगेच पंख मिटून खाली गवतात. त्याच वेळी बेडकाच्या ओरडण्याची आठवण करून देणारा एक कोरडा टर्र आवाज होतो. नराच्या पंखांची बाहेरची पिसे टोकाकडे अगदी अरुंद झालेली असतात, त्यांचा या आवाजाशी संबंध असावा. एका दिवसात अशा शेकडो उड्या होतात. मादीने गवतावरून त्याला पाहावे यासाठी हा सारा खटाटोप. पण ज्या उडीने तो मादीला दिसतो त्याच उडीने तो बंदूकवाल्यालाही दिसतो. त्याच्या इंग्रजी नावाच्या इतिहासात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

नावाचे सर्वांत जुने उल्लेख युल आणि बर्नेल यांनी 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात गोळा केले आणि १९०३ मध्ये क्रुकने त्यात भर घातली. त्यांतला पहिला इन्स मन्रो या लष्करी अधिकाऱ्याचा. हैदरअलीशी १७८० मध्ये सुरू झालेल्या युद्धाचा वृत्तान्त त्याने लिहिला, तो १७८९ मध्ये प्रसिद्ध झाला. चोळमंडळ किनाऱ्यावरच्या त्या मोहिमेच्या वर्णनात तो 'फ्लोरिकेन'चा उल्लेख करतो. हा पक्षी अत्यंत चविष्ट असल्याचे तो सांगतो, आणि तो 'बझर्ड'च्या जातीचा असल्याचेही सांगतो. बझर्ड म्हणजे उंदीर-सरडे मारून खाणारा शिकारी पक्षी. १७८५ चा दुसरा उल्लेख कलकत्त्याच्या वृत्तपत्रातल्या एका विनोदी पद्याचा आहे; संध्याकाळी मारलेला फ्लोरिकेन कच्चाच मेजावर आला आणि जेवणारा भडकला, एवढाच त्याचा विषय. १८०७ मध्ये विल्यमसन हा बंगालच्या फौजेतला अधिकारी आपल्या शिकारविषयक ग्रंथात मोठा आणि छोटा असे दोन फ्लोरिकन सांगतो, छोट्याला 'बास्टर्ड', म्हणजे हलक्या बीजाचा, म्हणतो आणि पंख मोडलेला नर कुत्र्यांनाही हुलकावणी देईल असा पळतो, हे नोंदवतो. त्यानंतर १८१३ मध्ये जेम्स फोर्ब्ज 'ओरिएंटल मेमॉयर्स' या चार खंडांच्या ग्रंथात लिहितो की फ्लॉरिकन किंवा 'करमूर' हा चवीला हिंदुस्थानातल्या सगळ्या रानपाखरांहून सरस आहे. आणि बिशप हीबर १८२४ मध्ये उत्तरेकडच्या प्रवासात असे दोन पक्षी पाहून, ते स्कॉटलंडच्या माळावरच्या ब्लॅककॉकपेक्षा थोडे मोठे आणि उघडच बस्टर्डच्या जातीचे आहेत, असे लिहितो.

या पाच उल्लेखांतला फोर्ब्ज आपल्या इतिहासात ओळखीचा आहे. राघोबादादाच्या मदतीला मुंबईकर इंग्रजांनी १७७५ मध्ये कर्नल कीटिंगची जी फौज गुजरातेत पाठवली, तिच्यासोबत कीटिंगचा चिटणीस म्हणून हाच फोर्ब्ज होता. पुढे मराठ्यांकडून घेतलेल्या डभोईचा कारभार तो १७८० पासून १७८३ मध्ये ते ठाणे परत जाईपर्यंत पाहत होता. त्याचा 'करमूर' म्हणजे गुजरातचा खडमोर, हिंदीतला खरमोर, गवतातला मोर. म्हणजे त्याने पाहिलेला पक्षी छोटा, आपला तणमोर. मन्रो ज्या चोळमंडळ किनाऱ्यावर होता तिथे मोठा फ्लॉरिकन मिळत नाही, तेव्हा त्याचाही पक्षी छोटाच असणार. हीबरने मात्र ब्लॅककॉकपेक्षा मोठा म्हटलेला पक्षी तणमोर असू शकत नाही. आकार, रंग आणि मुलूख तिन्ही गोष्टी बेंगॉल फ्लॉरिकनला जुळतात. विल्यमसनच्या ग्रंथात तर मोठा पक्षी हाच अस्सल आणि छोटा हलका ठरलेला आहे. तेव्हा १७८० ते १८२४ या चव्वेचाळीस वर्षांत एकच नाव दक्षिणेच्या किनाऱ्यापासून गुजरातेपर्यंत आणि बंगालपासून उत्तरेपर्यंत पसरलेले दिसते, आणि वाटेत त्याने पक्षी बदललेला आहे. छापील पुस्तकातून पसरलेले नाव असे वागत नाही, कारण पुस्तकात वर्णन असते, चित्र असते, मापे असतात. पलटणींबरोबर तोंडातोंडी फिरणारे नाव मात्र असेच वागते. मद्रासेहून बंगालला बदलून गेलेला अधिकारी नव्या मुलखात गवतातून उडणारा काळा-पांढरा, चवदार पक्षी पाहतो आणि त्याला जुनेच नाव देतो.

इथे एक रास्त शंका येते. सर्वांत जुना लेखी उल्लेख दक्षिणेतला आहे म्हणून शब्द दक्षिणेतच जन्मला असे म्हणता येईल का? नाही म्हणता येणार. लिहिले जाण्याआधी शब्द किती वर्षे बोलला जात होता हे कागद सांगत नाही, आणि तो आधी बंगालमध्ये रूढ होऊन मग खाली आला असणेही शक्य आहे. पण माझ्या म्हणण्याला दिशेची गरज नाही. नाव कुठूनही कुठे गेले असले तरी ते लष्करी मुलखातून, लष्करी माणसांच्या तोंडून गेले, एवढे या उल्लेखांतून निघते. स्पेलिंगही तेच सांगतात. फ्लोरिकेन, फ्लोरिकिन, फ्लोरिकन, फ्लॉरिकन अशी चार-पाच रूपे शंभर वर्षे शेजारी शेजारी नांदली, कारण कोणासमोरही नक्कल करायला एक ठरलेले रूप नव्हते. ज्याने जसे ऐकले तसे त्याने लिहिले.

व्युत्पत्ती लावण्याचे प्रयत्न अर्थातच झाले. मद्रासच्या फौजेतला डॉक्टर आणि भारतीय पक्षीशास्त्राचा एक आद्य अभ्यासक थॉमस जर्डन याने 'द बर्ड्स ऑफ इंडिया' या १८६२ पासूनच्या ग्रंथात प्रांजळपणे सांगितले, की या अँग्लो-इंडियन शब्दाचे मूळ आपल्याला सापडले नाही. युरोपातल्या छोट्या माळढोकाला कधीकधी 'फ्लँडरकिन' म्हणत, असे कोणीतरी त्याला सांगितले होते. फ्लँडरकिन म्हणजे फ्लँडर्सचा रहिवासी. जॉन लॅथमच्या ग्रंथात 'फ्लर्चर' असे एक नाव येते, तेही इंग्लंडमधले आणि याच मुळाचे असावे, असे जर्डनला वाटले. युल आणि बर्नेल यांनी लॅथमचा मजकूर पुन्हा वाचून दाखवले, की तो हिंदुस्थानातल्या इंग्रजांविषयी बोलतो आहे आणि 'फ्लर्चर' हे बहुधा फ्लॉरिकनच्याच कुठल्यातरी रूपाचे लेखनिकाच्या हातून झालेले विद्रूप आहे. या वाचनापुढे जर्डनचा आधार ढासळतो, कारण मग पुरावा म्हणून पुढे केलेला शब्द हा त्याच कोड्याचा एक तुकडा ठरतो. उरला फ्लँडरकिन, तो ऐकीव. त्यातून ज्या माणसांनी हा पक्षी फ्लँडर्समधल्या पक्ष्यासारखा आहे असे ओळखले असते, त्यांना तो बस्टर्डच्या जातीचा आहे हेही कळले असते. मन्रोला ते कळलेले दिसत नाही.

युल आणि बर्नेल यांना हा शब्द डच वळणाचा वाटला. ही सूचना अधिक विचार करण्यासारखी आहे, कारण चोळमंडळ किनाऱ्यावर पुलिकत आणि नागपट्टणम इथे डच दीडशे वर्षे ठाण मांडून होते आणि मन्रोच्या वृत्तान्ताच्या शीर्षकातही शत्रू म्हणून डचांचे नाव आहे. पण डच भाषेत माळढोकाला 'ट्राप' म्हणतात. शिवाय डचांनी परमुलखातल्या छोट्या माळढोकांना नाव दिल्याचे एक उदाहरण आपल्यासमोर आहे. दक्षिण आफ्रिकेत केपच्या वसाहतीत त्यांना असे अनेक पक्षी भेटले आणि त्यांना त्यांनी 'कोरहान' म्हटले. आजही तिथल्या इंग्रजीत हा शब्द चालतो. कोरहान हे नेदरलँड्समध्ये ब्लॅककॉकचे नाव. हीबरलाही फ्लॉरिकन पाहून ब्लॅककॉकच आठवला होता, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. उत्तर युरोपातून आलेल्या माणसाला माळावरचा काळा नर पाहून घरचा तोच पक्षी आठवे. डचांनी जिथे नाव दिले तिथे ते घरच्या पक्ष्याचे दिले आणि त्याची वाट आजही स्पष्ट दिसते. फ्लॉरिकनला तशी वाट नाही. शब्दाचा शेवट डच कानाला ओळखीचा वाटतो, याहून जास्त आधार या तर्काला मला दिसत नाही.

मग एखाद्या देशी नावाचाच हा अपभ्रंश असेल का? सोजिरांच्या तोंडी इथले शब्द किती बदलत याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला खुद्द 'हॉब्सन-जॉब्सन' हे कोशाचे नावच आहे. मोहरममधल्या 'या हसन, या हुसेन' या आक्रोशाचे ते गोऱ्या शिपायांनी केलेले रूप. 'या हसन'चे हॉब्सन होत असेल तर एखाद्या पक्षीनामाचे फ्लॉरिकन का होणार नाही? ही हरकत मला या विषयातली सर्वांत जड वाटते. तिला उत्तर असे, की हॉब्सन-जॉब्सनमध्येही मूळ शब्दांची हाडे शिल्लक आहेत. हसनमधला ह, स, न हॉब्सनमध्ये जागच्या जागी आहेत. तणमोराची नावे पाहिली तर मराठीत तणमोर, गुजरातीत खडमोर, हिंदीत खरमोर आणि लीख, तमिळमध्ये वरगुकोळी म्हणजे कोद्र्याच्या शेतातली कोंबडी, तेलुगूत नेलनेमलि म्हणजे जमिनीवरचा मोर. मोठ्या फ्लॉरिकनला उत्तरेत चरस, जो फारसी 'चर्झ'वरून आला. यांपैकी एकाचीही हाडे फ्लॉरिकनमध्ये सापडत नाहीत. आणि इंग्रजांनी यांतले एक नाव उचलले तेव्हा ते ओळखू येईल असेच उचलले. फोर्ब्जच्या 'करमूर'मधून खरमोर लगेच दिसतो. विशेष म्हणजे फोर्ब्ज करमूर आणि फ्लॉरिकन अशी दोन्ही नावे जोडीने देतो. देशी नाव त्याला माहीत होते, आणि तरी त्याच्या वाचकाला समजणारे नाव वेगळे होते. ते त्याच्या सोबतच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे होते. तेव्हा माझा निष्कर्ष असा, की फ्लॉरिकन हा छावणीतल्या बोलीतला शब्द. तो कोणा एका पलटणीत कशावरून पडला याची नोंद कोणी ठेवली नाही, कारण नोंद ठेवण्याजोगे त्यात काही आहे असे तेव्हा कोणाला वाटले नसणार.

आता नावाचा अर्थ. शब्दाचे मूळ सापडले नाही तरी तो कशासाठी वापरला जाई हे पाहून त्याचा अर्थ ठरवता येतो. पहिल्या चार उल्लेखांपैकी तीन खाण्याबद्दल आहेत आणि चौथा मारण्याबद्दल. मन्रोला पक्ष्याचे कुळ चुकीचे माहीत आहे, चव मात्र पक्की ठाऊक आहे. बझर्ड हा छपाईतला दोष असेल, बस्टर्ड लिहायचे असेल, असे कोणी म्हणेल, आणि तसे असणे शक्य आहे. पण फोर्ब्जही तसाच चुकतो. तो आपल्या करमूरला हौबारा ठरवतो. हौबारा हा वाळवंटातला, हिवाळ्यात कच्छ-सिंध-राजस्थानात येणारा वेगळाच माळढोक. त्याचा पावसाळी गवतातल्या खरमोराशी संबंध नाही. फोर्ब्ज निष्काळजी नव्हता. तो उत्तम चित्रकार होता आणि इथल्या झाडापाखरांची शेकडो चित्रे त्याने काढली. तरीही शास्त्रीय ओळख चुकते आणि चवीबद्दलचा अभिप्राय मात्र निःशंक असतो, याचा अर्थ त्याच्या मंडळींत हा शब्द ओळखीसाठी वापरलाच जात नव्हता. पुढे दक्षिणेतल्या शिकाऱ्यांनी करवानकालाही 'बास्टर्ड फ्लॉरिकन' म्हणायला सुरुवात केली. करवानक हा माळढोकाच्या कुळातलाही नाही. पण तो उघड्या माळावर राहतो, पळतो, आणि मारून खाता येतो. विल्यमसनने हेच विशेषण तणमोराला दिले होते. अस्सल कोण आणि हलका कोण हे ज्या मापाने ठरत होते ते बंदुकीचे आणि ताटाचे माप होते.

यावर शिकाऱ्यांची बाजू घेणारा म्हणेल, की घरात बसून कातडी मोजणाऱ्या शास्त्रज्ञापेक्षा त्यांना पक्षी जास्त कळत होते, आणि दोन फ्लॉरिकन एका नावाखाली आणण्यात त्यांचे चुकले काय? दोघांचेही नर विणीच्या हंगामात काळे-पांढरे, दोघेही गवतातून उंच उडून मादीला बोलावतात, दोघेही इतर माळढोकांपेक्षा उंच गवत पसंत करतात. खुद्द जर्डननेही दोघांना एकाच प्रजातिगटात ठेवले होते. आज ते वेगळे मानले जातात. ही हरकत मी मान्य करतो. साम्य खरे आहे आणि ते ओळखणारे डोळे तरबेज होते. पण हे साम्य नेमके कोणते आहे? गवतावर उसळी घेणारा काळा-पांढरा नर, म्हणजे पक्ष्याचे तेच रूप जे बंदुकीसमोर येते. तपकिरी मादी, अंडी, पिल्ले, हिवाळ्यातला रंग उडालेला नर, यांना या शब्दात जागा नाही. राजकोटच्या छावणीबद्दलची १८७५ मध्ये छापलेली एक नोंद हे स्पष्ट करते: पावसाळा लागला की यंदाचा पहिला तुरेवाला फ्लॉरिकन कोण टिपतो यासाठी तिथे अधिकाऱ्यांत दरवर्षी अहमहमिका लागे. राजकोट म्हणजे मुंबई इलाख्यातल्या काठेवाड एजन्सीचे ठाणे. पावसाळा आणि तुरा हे दोन्ही विणीच्या हंगामाचे. त्या काळी युरोपीय शिकारीच्या रिवाजात विणीच्या हंगामातला पक्षी न मारणे हे सभ्यपणाचे लक्षण समजले जाई. फ्लॉरिकनला ती सवलत मिळाली नाही, कारण विणीबाहेर तो दिसतच नाही. ज्या महिन्यांत त्याला मारू नये त्याच महिन्यांत तो मारता येतो.

छावणीतला शब्द पुढे शास्त्रात गेला तो मुख्यतः जर्डनमार्फत. तणमोराचे शास्त्रीय वर्णन १७८२ मध्ये जॉन फ्रेडरिक मिलरने केले होते, बेंगॉल फ्लॉरिकनचे १७८९ मध्ये ग्मेलिनने, आणि युरोपातल्या ग्रंथांत दोघेही बस्टर्डच होते. जर्डन लष्करी डॉक्टर असल्यामुळे त्याचा वाचकवर्ग मुख्यतः छावण्यांतला. त्याने ग्रंथात फ्लॉरिकन हेच नाव वापरले आणि ते पक्के झाले. हे पक्केपण कुठवर गेले ते १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्यात दिसते. त्याच्या परिशिष्टात संरक्षणयोग्य पक्ष्यांची यादी आहे. तीत बस्टर्ड आहेत, बदके आहेत, आणि मग फ्लॉरिकन वेगळे आहेत. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने बस्टर्ड म्हटल्यावर फ्लॉरिकन त्यात आलेच होते. पण हा कायदा शिकारबंदीचे महिने ठरवण्यासाठी होता, आणि शिकाऱ्याच्या डोक्यात बस्टर्ड म्हणजे मोठा माळढोक आणि फ्लॉरिकन म्हणजे दुसरेच काही. कायद्याचा मसुदा करणाऱ्यांनी शिकाऱ्यांची वर्गवारी जशीच्या तशी उचलली, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होते. ज्याला दंड करायचा त्याच्या भाषेत कायदा लिहिला नाही तर तो पळवाट काढतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे दोन्ही पक्षी पहिल्या परिशिष्टात आहेत, पुन्हा फ्लॉरिकन याच नावाने. मधल्या काळात नाव भारताबाहेरही गेले होते. कंबोडियातल्या पूरमैदानातल्या गवतात त्याच मोठ्या पक्ष्याची एक वेगळी वस्ती आहे, तिचे वर्णन १९२८ मध्ये फ्रेंच पक्षीशास्त्रज्ञ देलाकूर याने केले. इंग्रजांची छावणी जिथे कधी नव्हती तिथल्या पक्ष्यालाही आज जगभर बेंगॉल फ्लॉरिकनच म्हणतात.

देशी नावे याहून निर्मळ होती, असे मात्र मी म्हणणार नाही. तणमोर हेही पाहणाऱ्याचे नाव आहे, आणि पाहणारा बऱ्याचदा फासेपारध्यासारखा पकडणाराच होता. तमिळ वरगुकोळीत तर कोंबडी आहे, म्हणजे खाण्याचा विचार तिथेही आहे. मोराशी या पक्ष्याचे काही नातेही नाही. तरी या नावांत एक माहिती आहे जी फ्लॉरिकनमध्ये नाही: तण, खड, कोद्रा, जमीन. पक्षी कुठे असतो हे ती सांगतात. हा फरक भावनेचा नाही, कामाचा आहे. जोवर प्रश्न फक्त किती पक्षी मारले हा होता तोवर फ्लॉरिकन हे नाव पुरेसे होते आणि त्यावर कायदाही करता आला. पण तणमोर आज ज्या कारणाने संपत चालला आहे ते कारण गवताचे आहे. महसुली दप्तरात गवताळ माळाची नोंद पडीक अशी झाली. मग ती जमीन कोणाला तरी द्यायची, नांगरायची, तिच्यावर झाडे लावायची. माळव्यात सोयाबीन पसरले. विदर्भात अकोला-वाशीमकडच्या माळांवर तणमोराच्या नोंदी आहेत, आणि तिथेही गवत आणि पीक यांतली सीमा दरवर्षी सरकते. भावनगरच्या धर्मकुमारसिंहजींनी तणमोराच्या उड्यांचा आणि सवयींचा अभ्यास करून १९५० मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले, तेव्हा पक्षी अजून बऱ्यापैकी होता. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत तो अतिसंकटग्रस्त ठरला. शिकार बंद होऊन तोवर जवळपास अर्धशतक झाले होते. म्हणून राजकोटच्या त्या अधिकाऱ्यांवर सगळा दोष टाकणे अन्यायाचे होईल. त्यांनी नर मारले, पण गवत नांगरले नाही.

पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांच्या भेटीनंतर मध्य प्रदेशात १९८३ मध्ये रतलाम जिल्ह्यातल्या सैलानाला आणि धार जिल्ह्यातल्या सरदारपूरला अभयारण्ये झाली, आणि दोन्हींच्या सरकारी नावांत शब्द आहे तो खरमोर. तिथे बहुतेक जमीन शेतकऱ्यांच्या शेतांना लागून आहे, आणि पक्षी पावसाळ्यात कोणत्या तुकड्यात उतरेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून वन खात्याने आपल्या रानात खरमोर दिसल्याची खबर देणाऱ्या आणि त्याचे घरटे राखणाऱ्या शेतकऱ्याला रोख बक्षीस द्यायला सुरुवात केली. खबर जुलैअखेरीस किंवा ऑगस्टमध्ये येते. मग वनरक्षक बांधावर जाऊन गवतावरची उडी दिसते का हे पाहतो, आणि दिसली की त्या तुकड्यातली कापणी आणि चराई पक्षी जाईपर्यंत थांबवण्याची बोलणी सुरू होतात.